छान म्हणायचं नाही

महिन्यातला तिसरा शनिवार, पाच वाजता,
सहकारनगरात, माझ्या घरी.
सहा कप, एकही जोडीचा नाही.
दूध फ्रीजमध्येच राहील, साखरेचं नाव काढायचं नाही,
आणि वर ढमढेऱ्यांनी घातलेला एक नियम :
छान म्हणायचं नाही.
"छान म्हणजे तुम्ही प्यायलाच नाहीत."

एकतीस वर्षं त्यांनी भवानी पेठेत चहा मिसळला,
आसामात निलगिरी, पत्तीत भुकटी.
घोट जिभेवर नुसता फिरवून थुंकायचे
आणि सांगायचे, हे पोतं वाटेत भिजून पुन्हा वाळलंय.
व्यापारी खाली मान घालायचा.
मग एका तापात नाक गेलं.
दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, येईल परत.
ढमढेरे म्हणतात, पत्ता विसरलं असेल.

आता ते येतात घड्याळ लावायला.
साडेतीन मिनिटं. मग ओततात,
गाळण्यातला शेवटचा थेंब सुटेपर्यंत हात हलत नाही.
आणि बसतात मांडीवर तळवे पालथे ठेवून :
सांगा.

वही माझ्याकडे असते.

कॅमोमाइल. तांबोळीबाई म्हणाल्या, सफरचंदाची साल,
फळ दुसऱ्याच कुणीतरी खाल्लेलं.
गोकर्ण. निळाभोर. चव म्हणाल तर उकळलेल्या पाण्याची.
लिंबू पिळलं तसा जांभळा झाला
आणि श्रीरंगने खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या,
वय वर्षं अठ्ठावन्न.
जास्वंद. कोकमाची थोरली बहीण, बँकेत नोकरीला.
हे माझं. ढमढेरे हसले नाहीत.
"आंबट लागतं कुठे? जिभेच्या कडेला की गालात?"
मी परत प्यायले.
गालात. अगदी मागे, अक्कलदाढेपाशी.
"हां. आता लिहा."
ज्येष्ठमध. गाण्याच्या क्लासबाहेर काढलेल्या चपला.
स्ट्रॉबेरीचा, पत्र्याच्या डब्यातला, कुणाच्याशा जावयाने दिलेला :
चौथीतलं वासाचं खोडरबर. चावलेलं.
यावर सगळ्यांचं एकमत झालं,
जे पुण्यात सहसा होत नाही.

(सगळे गेले की मी आलं ठेचते,
दूध घालून उकळून उकळून करते, दोन चमचे साखर.
ते वहीत नाही.)

परवाच्या शनिवारी तांबोळीबाईंनी कोंढव्याहून
गॅलरीतल्या कुंडीतला गवती चहा आणला,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
रिक्षावाला म्हणे दोनदा मागे वळून बघत होता.
पाणी उकळलं, खोली भरून गेली,
आणि आम्हाला शब्द सुचेना.
हा तर घरातला, सर्दी झाली की होणारा.
रोजच्या माणसाचं कधी कुणी वर्णन करतं का?
श्रीरंग म्हणाला, लिंबू. लिंबू नव्हतं ते.
मी काहीतरी लिहिलं नि खोडलं.

ढमढेऱ्यांनी गुंडाळीतून एक पातं उपसलं,
चिमटीत धरलं आणि उलटं ओढलं,
सर्रकन.
बोटावर रक्ताची बारीक रेघ.
"हे," म्हणाले, "हे आहे कपात. धार.
बघा, लागते का."

प्यायलो.
वास सगळा बाजूला झाला,
आणि त्याच्या खाली, गिळायच्या जरा आधी,
होती.

मी लिहायला घेतलं, ढमढेऱ्यांना वास आला.
"खोटं लिहू नका. आलेला नाही."
बरं. त्यांचा रकाना कोरा ठेवला.
मग पानावर त्यांच्याच बोटाचा डाग पडला,
त्याला मी काय करणार.

चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकला.
कप विसळले, पाच.
सहावा त्यांनी दिलाच नाही,
दोन्ही हातांत धरून बसले होते, कधीच गार झालेला,
आणि विचारत होते,
साडेतीनऐवजी चार मिनिटं ठेवलं असतं तर?
पाणी आहे का अजून?